दारावरचं रडणं

माझी माय फार चांगली रडायची. हे वाक्य मी परक्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो, मग ओशाळतो आणि मग विचारतो, म्हणजे काय? म्हणजे तेच. कुणाच्या हाताला चव असते, कुणाचं शिवण सरळ असतं, तसं माझ्या मायचं रडणं होतं. तापीकाठच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या पाच-सात गावांत कुणी गेलं, की पहिला निरोप भाऊबंदांना जायचा आणि दुसरा आमच्या घरी यायचा. निरोप आणणारा ओट्यावरही चढायचा नाही. खालूनच सांगायचा, "जिजीले सांगा, खालनी गल्लीमा धल्ला गया," खालच्या गल्लीतला म्हातारा गेला. जिजी म्हणजे माझी माय. सगळं गाव तिला जिजीच म्हणायचं. ती हातातलं काम ठेवायची, पायावर पाणी घ्यायची आणि निघायची.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. पुरुष मुकाट्याने जातात, ओट्यावर बसतात, तंबाखू मळतात आणि पावसापाण्याचं बोलतात. बायकांचं तसं नाही. बायका गावाच्या वेशीपासून रडत जातात. गाडीतून उतरल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, की एक जण सूर लावते आणि बाकीच्या तिच्यामागे. घरातल्या बायका तो सूर ऐकून आतून उत्तर देतात. मग दारात गळ्यात गळा पडतो. हे नुसतं भोकाड पसरणं नसतं. त्याला चाल असते, त्यात शब्द असतात, आणि ते शब्द त्याच माणसासाठी, त्याच वेळी जुळवलेले असतात. एका मयताचे शब्द दुसऱ्याला चालत नाहीत. ते उष्टे, असं माय म्हणायची.

परगावी जायचं असलं की तिची तयारी वाटेत व्हायची. आधी बैलगाडीत, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पुढे काळी-पिवळी जीपमध्ये. गेलेल्या माणसाबद्दल ती बरोबरच्या बायकांना प्रश्न विचारायची, आणि प्रश्न भलतेच असायचे. वय किती, आजार कोणता, यात तिला रस नव्हता. शेवटचं काय खायला मागितलं? ते दिलं का? कुणाशी बोलणं बंद होतं? कोणतं काम अर्धं राहिलं? रागावला की शिव्या द्यायचा की जेवणावर राग काढायचा? वडील तिला चिडवायचे, की हिला पोलीसपाटील करायला पाहिजे होतं. ती म्हणायची, "मरनारना पंचनामा कोनीतरी कराले पाहिजे ना."

लहानपणी मी तिच्या पदराला धरून असायची, त्यामुळे मी पुष्कळ मयतं पाहिली. आमच्या गल्लीत एक म्हातारे काका होते, महा चिक्कू. पाहुण्याच्या चहात साखर स्वतः टाकायचे, कारण बायकोचा हात सैल. ते गेले तेव्हा माय त्यांच्या उशाशी बसून रडली, "सारा जलम चहामा साखर चिमटीनी टाकी रे काका, आते आम्ही मूठभर टाकसूत, तू रागे भरीसन उठी ये!" बायका रडता रडता हसल्या. काकूसुद्धा हसली आणि मग जी फुटली, ती दुपारपर्यंत थांबली नाही. तोवर ती बिचारी दगडासारखी बसून होती. नवऱ्याच्या कंजूषपणात तिचा सगळा जन्म गेला होता, तो बाजूला ठेवून तिला रडता येत नव्हतं. मायने तो कंजूषपणाच रडण्यात घेतला आणि तिची वाट मोकळी झाली. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त साखर आठवत राहिली.

रडण्याबाबत मायचा एकच हट्ट होता. त्यात गाऱ्हाणं आलंच पाहिजे. जो गेला त्याच्या तोंडात जे राहून गेलं असेल ते दारात, चारचौघांत बोललं पाहिजे. म्हणजे ते मढ्याबरोबर घराबाहेर पडतं. नाही बोललं तर ते घरातच राहतं, भिंतीत मुरतं, आणि मग मागे राहिलेल्यांना सुखाने भाकर खाऊ देत नाही. गाऱ्हाणं सांगणारीवर कुणी राग धरायचा नाही, असा रिवाज होता. रडणाऱ्या बाईचं तोंड कुणी धरत नसतं.

त्या रिवाजाची ताकद मी एकदाच पुरती पाहिली. मी तेव्हा सातवीत होते. नदीकडच्या एका मळ्यात एक नवी सून तापाने गेली. आठ दिवस ताप होता, आणि ते आठ दिवस कापूस वेचणीचे होते. सगळ्यांना सगळं माहीत होतं. पण त्या घराचा गावात दबदबा होता आणि पोरीचे आईबाप अक्कलकुव्याकडचे, गरीब, हात जोडून उभे राहणारे. पुरुष "देवाची मर्जी" म्हणत होते. मायने त्या पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे केस नीट केले. आणि ती हळू आवाजात सुरू झाली, "आठ दिन तुले ताप व्हता वं पोरी, आठ दिन कापूस येचाई ऱ्हायंता. दवाखाना दोन कोसवर व्हता वं पोरी, बैल गोठामा बांधेल व्हतात, तुन्हासाठे गाडी कोन्ही जुपी नही."

ओट्यावरच्या पुरुषांचं बोलणं थांबलं. त्या घराचा कर्ता उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा मायला मारणार. पण रिवाज त्यालाही मोडता येत नव्हता. तेवढ्यात पोरीची सासू पुढे आली आणि तिने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. "मी सांगं व्हतं, कापूस संपू द्या, मंग नेसूत," ती म्हणाली. पोरीच्या आईने तिला धरलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. यात न्याय झाला असं मी म्हणणार नाही, पोरगी तर गेलीच होती. पण त्यानंतर आमच्या गावात सुनेला ताप आला आणि घरचे टाळाटाळ करू लागले, की कुणीतरी म्हणायचंच, "दवाखानामा ल्ही जा, नहीतर जिजी दारमा येई." माय जिवंत होती तोवर ही धमकी चालायची.

अशा बाईची मी मुलगी. मला तिचा अभिमान असायला हवा होता, नाही का? मला लाज वाटायची. मी शिकले, बीएड केलं, नंदुरबारला शाळेत लागले, नवराही शिक्षक मिळाला. आम्ही कॉलनीत घर बांधलं. घरापुढे फाटक, फाटकावर नावाची पाटी, कुंडीत गुलाब. घरात प्रमाण मराठी बोलायची असा मी नियम केला होता, आणि नवरा जेवताना चुकून "वरन दे वं" म्हणाला तरी मी डोळे वटारायची. माय आली की शेजारणींशी मोठ्याने बोलायची. मी तिला आत बोलवायची, काहीतरी काम काढून.

त्याच वेळी शाळेच्या स्नेहसंमेलनात खान्देशी लोककलांचा कार्यक्रम बसवायचं काम माझ्याकडेच असायचं. खान्देशातली ना मी! मुलींना नऊवारी नेसवायची, डोक्यावर रिकामे हंडे, लग्नातली गाणी, टाळ्या. एका वर्षी आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या आई फार छान पारंपरिक रडतात म्हणे. पाच मिनिटांचा प्रसंग करू या का स्टेजवर?" मला ही कल्पना आवडली, हे सांगायला आता जीभ रेटत नाही. मी मायला विचारलं. ती गहू निवडत होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "कोन मरनं?"

"कुणी नाही गं. नाटक. मुलांना कळावं म्हणून."

"मंग मी कोनले रडू? खुर्चीले?" ती म्हणाली आणि गहू निवडायला लागली. मी रागावून दोन दिवस तिच्याशी तुटक बोलले.

वडील गेले ते माझ्या घरी. त्यांना उपचारासाठी नंदुरबारला आणलं होतं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती, दोन दिवसांनी गावी न्यायचं ठरलं होतं. सकाळी नऊच्या सुमाराला चहा पिता पिता त्यांची मान कलंडली. माय समोरच बसली होती. तिने कप त्यांच्या हातातून काढून घेतला, खाली ठेवला, त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिने श्वास घेतला. तो श्वास मला ओळखीचा होता. लहानपणापासून मी तो ऐकला होता. आता सूर लागणार होता.

रविवार होता. खिडक्या उघड्या होत्या. शेजारी बँकेतले साहेब राहायचे, समोर तहसीलमधले. कुणाकडे तरी सत्यनारायण होता. मी पुढे झाले आणि मायच्या तोंडावर हात ठेवला. "माय, नको. इथं असं नाही करत. लोक काय म्हणतील?"

एवढंच मी बोलले. हात किती वेळ ठेवला ते मला सांगता येणार नाही. फार वेळ नसेल. तिने जोर केला नाही, हात झटकला नाही. माझ्या तळहाताला तिचे ओठ बंद झालेले कळले. मग मी हात काढला आणि नवऱ्याला गाडी बघायला सांगितलं.

आम्ही वडिलांना गावी नेलं. वेशीवर बायका जमल्या होत्या, त्या मायच्या सुराची वाट पाहत होत्या. साऱ्या गावाला रडलेली बाई आज स्वतःच्या नवऱ्यासाठी काय रडते, हे ऐकायला दुसऱ्या गावच्या बायकाही आल्या होत्या. यात वाईट काही नाही, चांगलं गाणाऱ्याचं गाणं ऐकायला लोक येतातच. माय गाडीतून उतरली आणि पदर पुढे ओढून चालत घरात गेली. तोंडातून शब्द नाही. वडिलांच्या उशाशी बसली. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, आपापलं रडत होत्या, ती सगळ्यांना धरून बसली होती आणि गप्प होती. "धक्का बसना तिले," बायका म्हणाल्या. "दातखीळ बसनी." माझी काकी, मायची मोठी जाऊ, शेजारीच होती. तिने एकदा मायकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

माय त्यावर मला कधीच काही बोलली नाही. वर्षभर विधवेने घराबाहेर न पडता कोपरा धरायचा तो तिने धरला. नंतर बोलावणी आली की जायची, रडायची, लोक म्हणायचे पहिल्यासारखीच. माझ्याकडेही येऊन राहायची. माझ्या मुलाच्या लग्नात नाचली. मी स्वतःला समजावलं की तिला ते आठवतही नसेल. म्हातारं माणूस, विसरलं असेल. आपल्या सोयीचं असलं की आपण दुसऱ्याच्या विसरण्यावर फार विश्वास ठेवतो.

मधल्या काळात गावही बदललं. आता मयताचा निरोप मोबाईलवर येतो, फोटो, हार आणि द्वारदर्शनाची, म्हणजे दारावर यायची, वेळ. अंगणात मंडप पडतो, प्लास्टिकच्या खुर्च्या येतात, स्पीकरवर भजन लागतं. स्मशानात माईक असतो. कुणीतरी पुढारी उठतो आणि गेलेला माणूस मनमिळाऊ होता, मितभाषी होता, परिसरात पोकळी निर्माण झाली, असं सांगतो. जन्मभर भावाशी कोर्टात भांडलेला माणूसही मनमिळाऊच असतो. नव्या सुना दारावर येतात त्या गाडीतून उतरून सरळ चालत येतात, हात जोडतात, रुमालाने डोळे टिपतात. त्यांना येत नाही आणि त्यांना कुणी शिकवलंही नाही. यात त्यांची काय चूक? मलाच कुठे येत होतं. मायच्या बरोबरीच्या बायका एकेक करून गेल्या. त्यांच्यासाठी माय रडली. आता माय आणि काकी अशा दोघीच उरल्या होत्या, आणि काकीचा आवाज गेला होता.

मागच्या हिवाळ्यात मायच्या पायांवर सूज आली. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. ती गावी भावाकडे असायची, मी दर रविवारी जायची. असाच एक रविवार. ती मागच्या अंगणात पोत्यावर बसून लाल मिरच्यांचे देठ खुडत होती. सांगूनही ऐकायची नाही. मी समोर बसले आणि मीही खुडायला लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी मरसू तव्हय मन्हासाठे कोन रडई?"

"माय, काहीतरी बोलू नको. मिरच्या सोड, आत चल."

"तूच रडशी. आंडेर शे तू मन्ही. येसपाईन रडत यावानं, चालत येवानं नही." आंडेर म्हणजे लेक, आणि लेकीने वेशीपासून रडत यायचं, चालत यायचं नाही. तिने हे असं सांगितलं, जसं माझ्या लग्नाच्या आधी भाजीतल्या तिखट-मिठाचं प्रमाण सांगितलं होतं.

"मला नाही जमत ते. मला शब्द सुचत नाहीत."

"मी सांगस. ऐक."

आणि तिने मला तिचं रडणं सांगितलं. सूर लावला नाही. जिवंत माणसावर सूर लावू नये, अशुभ असतं. साध्या बोलण्याच्या आवाजात, एकेक देठ खुडत, तिने ते ओळीने सांगितलं, आणि मी ते ओळीने तिच्यामागे म्हणत गेले. ती तापीपलीकडून नावेत बसून आली, "पायले चिखल, कपायले कुकू." तिची आई लहानपणीच गेली, म्हणून तिला माहेरची साडी कुणी नेसवली नाही. तिला दोन पोरं झाली, तिसरं पोटातच गेलं, त्याला नाव मिळालं नाही. तिने सगळ्या गावाचं रडणं केलं, डोळ्याचं पाणी कधी खळू दिलं नाही. तिला एकदा रेल्वेत बसून समुद्र पाहायचा होता, तो राहिला. हे शेवटचं मला ठाऊकच नव्हतं. समुद्र! मी म्हटलं, "माय, तू कधी बोलली का नाहीस? आपण सुरतेवरून गेलो असतो." ती म्हणाली, "मधमा बोलू नको."

मग ती पुढची ओळ बोलली. "मन्हा धनी गया तव्हय मन्हा गयामा रडू व्हतं. मन्ही पोटनी पोरनी मन्हा तोंडवर हात ठेवा. रडू तठेच ऱ्हाई गयं, धनी तसाच गया."

माझे हात थांबले. डोळ्यांतून पाणी आलं, आणि मिरच्या होत्या म्हणून मला ते लपवावं लागलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं देठ खुडणं चालूच होतं. मी तिच्यामागे ही ओळ म्हटली नाही. ती थांबली. अंगणात काकीची शेळी होती, ती मिरच्यांकडे यायला लागली, तर मायने तिला हाकललं. मग पुन्हा थांबली.

"माय, माझं चुकलं," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी.

"माले नको सांगू. दारमा सांग." मग जरा मऊ आवाजात ती म्हणाली, "अठे घरमा बोलीसन ते जास नही बेटा. दारमा, बठ्ठासमोर बोलशी तव्हय ते मन्हासंगे निंघी जाई. तुन्हाजोडे ऱ्हावाले नको. म्हनशी ना?"

"म्हणेन."

"म्हन मंग आते."

मी म्हटली ती ओळ. एकदा, हळू आवाजात, मिरच्यांकडे बघत. तिने मान हलवली, आणि आम्ही उरलेल्या मिरच्या खुडल्या. ती मला शिक्षा देत नव्हती. उलट तिने मला सुटायची वाट करून दिली होती. गाऱ्हाणं जाहीर झालं की ते कुणाचंच राहत नाही, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. सगळ्या गावासाठी तिने जे केलं ते शेवटी तिला माझ्यासाठी करायचं होतं, आणि त्यात तिला फक्त माझा आवाज लागणार होता.

फाल्गुनात, होळीच्या आधी, ती गेली. भावाचा फोन सकाळी आला. मी आणि नवरा गाडीने निघालो. वाटेत मी ओळी मनात म्हणत होते, परीक्षेला जाताना पोरं पुटपुटतात तशा. सगळ्या येत होत्या. वेशीवर गाडी थांबली. बायका उभ्या होत्या, बऱ्याच म्हाताऱ्या आणि पुष्कळशा नव्या. कुणीतरी भजनाचा स्पीकर बंद करायला सांगितला. मी उतरले. पदर पुढे ओढला. मी छप्पन्न वर्षांची बाई, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो माझा, आणि मी गाडीचं दार धरून उभी होते.

मी श्वास घेतला आणि सूर लागला. माझा मलाच विश्वास बसेना. तो आवाज माझा नव्हता, मायचा होता, तिच्या तरुणपणीचा. "तापीपारथून नावमा बशी उनी वं माय, पायले चिखल, कपायले कुकू..." मग मागून उत्तर आलं, आणि घरातून उत्तर आलं. मी रडत चालत गेले. आईविना माहेर म्हटलं, नाव न मिळालेलं पोर म्हटलं. दारात भावजय गळ्यात पडली. मायला अंगणात ठेवलं होतं, तिचे पाय अजून सुजलेलेच होते. मी तिच्या उशाशी बसले आणि समुद्र म्हटला. माझा भाऊ हमसून हमसून रडायला लागला. त्यालाही समुद्र ठाऊक नव्हता.

मग ती ओळ आली.

मी डोळे उघडले. समोर माझी सून उभी होती, ती मला "मम्मी" म्हणते आणि सगळ्यांना सांगते की आमच्या मम्मी आजींची किती काळजी घ्यायच्या. शाळेतल्या चार शिक्षिका गाडी करून आल्या होत्या, मुख्याध्यापिकांसह. एक जण मोबाईलवर माझं रडणं टिपत होती, कौतुकाने. भावाचा हात माझ्या खांद्यावर होता. त्याला वडिलांच्या वेळचं काहीच माहीत नव्हतं. मी श्वास घेतला. ओळ जिभेवर होती, पूर्ण, एकही शब्द सांडलेला नव्हता. माझ्या मनात फक्त एवढंच आलं, की लोक काय म्हणतील. तेच शब्द. इतक्या वर्षांत मला दुसरे शब्दही सुचले नव्हते.

मी ती ओळ सोडून पुढची घेतली. सांधा कुणाला कळला नाही. पुढच्या ओळीत तिच्या हातच्या भाकरी होत्या, त्यावर सगळ्या बायका रडल्या. मी अखेरपर्यंत रडले, खरं रडले, घसा फुटेपर्यंत. खोटं रडले असं कुणी म्हणू नये. जे म्हटलं ते सगळं खरं होतं. तिला नेलं तेव्हा मी पुरुषांच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेले, आणि तिथे ती ओळ अजूनही म्हणता आली असती. तिथे कुणी मोबाईल धरलेला नव्हता. मी तिरडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले आणि परत आले.

परतल्यावर बायकांनी मला घेरलं. "मायना आवाज शे तुन्हा गयामा," एक म्हातारी म्हणाली. दुसरी म्हणाली, जिजी गेली असं वाटलंच नाही. मुख्याध्यापिका डोळे पुसत म्हणाल्या, "मॅडम, हे जपलं पाहिजे." मी मान खाली घालून ऐकत होते. कौतुक ऐकताना एवढा त्रास मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

दुपारी, तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला अस्थी कधी न्यायच्या यावर पुरुषांचं बोलणं चाललं होतं, तेव्हा काकी भिंतीला धरत धरत माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज गेलेला, नुसती कुजबुज. ती म्हणाली, "बेस रडनी तू. बठ्ठं उनं." सगळं आलं. मग तिने विचारलं, "पन मायना तोंडमा काहीच ऱ्हायेल नव्हतं का वं? गाऱ्हानं नही उनं."

तिला ठाऊक होतं का? मला वाटतं, ठाऊक होतं. निदान अंदाज होता. तिने मला आणखी एक दार उघडून दिलं होतं, आणि या वेळी ऐकायला फक्त पाच-सहा बायका होत्या, आमच्याच घरातल्या.

"नाही काकी," मी म्हटलं. "तिचं कुणाबद्दल काही नव्हतं."

काकीने माझ्याकडे पाहिलं. मग ती हळूहळू बाकीच्या बायकांकडे वळली आणि त्या गेलेल्या आवाजात, प्रत्येक शब्द ओढत म्हणाली, "ऐका वं. जिजीनं कोनबद्दल काहीच गाऱ्हानं नव्हतं. हाई तिन्ही आंडेर सांगी ऱ्हायनी." बायकांनी हात जोडले. आता गावात माझ्या मायबद्दल तसंच सांगतात.